काढता येणारा बूट

मी एक जुना बूट आहे. बूट म्हटल्यावर, मित्रांनो, तुमच्या डोळ्यांसमोर शाळेचे काळे चकचकीत बूट येतील, नाहीतर खेळायचे रंगीबेरंगी. मी त्यांतला नाही. मी दवाखान्याचा बूट आहे आणि जन्मापासून एकटाच आहे, आम्हाला जोडी नसते. अंग जाड काळ्या प्लास्टिकचं, आत स्पंजाचं अस्तर, उंची पार पोटरीपर्यंत, वरून आवळायला रुंद पट्टे. तळ होडीच्या बुडासारखा गोलसर, त्यामुळे मला घालणारा माणूस थोडा डुलत चालतो. माझ्या रूपाचं कौतुक उभ्या आयुष्यात एकदाच झालं. ते पुढे येईलच.

माझा जन्म नदीपलीकडे, मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका कारखान्यात झाला. माझे पट्टे शिवणारी बाई दिवसभर शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगायची आणि हाताने मात्र न बघता सरळ टाके घालायची. तिथून एका खोक्यात बसून मी पूल ओलांडला आणि टेक्सासच्या अगदी टोकाच्या एका दवाखान्यात आलो. तिथे जखमांसाठी वेगळा विभाग होता. बाकड्यांवर बसलेल्या माणसांपैकी निम्म्यांच्या एका पायात बूट असायचा आणि दुसऱ्या पायाला पांढरा फडका. त्या भागात साखरेचा आजार घरोघरी आहे. कुणाला विचारलं तर ते सहज सांगतात, आईला होता, मामाला होता, आता मला आहे.

माझं काम तसं साधं आहे. या आजारात पायाची जाणीव हळूहळू मरते. टाचणी टोचली, चटका बसला, तरी माणसाला कळत नाही. जखम होते, तो तिच्यावरच चालत राहतो आणि ती आत आत जाते. माझ्या तळाशी लहान लहान ठोकळे बसवलेले असतात, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे. तळपायाला जिथे जखम असेल तिथलेच ठोकळे डॉक्टर उपटून काढतात. जखमेखाली खळगा तयार होतो, भार बाकीच्या पायावर जातो, आणि जखमेला निवांतपणा मिळतो. औषध मी देत नाही. मी फक्त भार पडू देत नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या माणसाचं नाव इलारियो कान्तू. लोखंडाची फाटकं आणि मांस भाजायच्या मोठ्या भट्ट्या बनवणारा वेल्डर, साठी ओलांडलेला, मिशा भरघोस, बोलायला तिखट. त्याच्या बायकोचं नाव चेलो. तपासणीच्या खोलीत तीच जास्त बोलत होती.

"नट निघाला डॉक्टर, नट! बुटात पडलेला. हा बाबा सकाळपासून त्याच्यावर उभा राहून फाटक जोडत होता. संध्याकाळी मोजा काढला तर आत रक्त. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, आज बूट जरा गरम वाटत होता."

"खरंच गरम वाटत होता," इलारियो म्हणाला.

त्या नटापासून सुरू झालेल्या जखमेत पू झाला होता, तो हाडापर्यंत पोचला होता, आणि डाव्या पायाची दोन बोटं आधीच काढावी लागली होती. बाकीचा पाय वाचवायचा म्हणून डॉक्टर बारेरा हट्टाला पेटल्या होत्या. बुटक्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या या बाई फार गोड बोलत नसत.

"मला याला प्लास्टर घालायचंय," त्या म्हणाल्या. "गुडघ्यापर्यंत. दर आठवड्याला मीच कापणार, मीच परत घालणार. जे काढताच येत नाही, ते कुणी काढत नाही."

"या उन्हात प्लास्टर?" इलारियो उखडला. "आत मुंग्या शिरतील माझ्या. झोपेत बायकोला लाथ बसली तर तीच जाईल. तो बूट आहे ना तुमच्याकडे, काढता येणारा? माझ्या दोस्ताच्या भावाला दिला होता."

"तो काढता येतो, तोच तर घोळ आहे."

तेव्हा चेलो पुढे झाली. "डॉक्टर, मी बघते ना. हा काढणार नाही. न्हाणीघरातसुद्धा मी घालूनच पाठवीन. माझा शब्द."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग एक उसासा टाकून कपाटातून मला काढलं. इलारियोच्या अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली जखम होती. तिथले ठोकळे त्यांनी एकेक करून उपटले आणि मला त्याच्या पायावर चढवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला फार अभिमान वाटला. एका माणसाचा पाय माझ्या भरवशावर होता.

इलारियोने मात्र माझं नाव गाढव ठेवलं. सकाळी उठल्यावर पलंगावरून ओरडायचा, "म्हातारे, माझं गाढव कुठंय?" चेलो म्हणायची, "पलंगावर बसलंय आणि ओरडतंय." मग ती मला घेऊन यायची, पट्टे आवळायची आणि वर एक चापट मारायची. अंगणात तो स्टुलावर बसून भाच्याला वेल्डिंग कसं करायचं ते सांगायचा आणि मी समोरच्या उलट्या बादलीवर. ठिणग्यांचे फुलोरे उडायचे, भाच्याला शिव्या पडायच्या. संध्याकाळी तव्यावर तोर्तिया फुगायच्या, घेवड्याचा वास यायचा, आणि चेलो जमिनीवर उशी घेऊन बसून त्याची मलमपट्टी करायची.

आठवड्यातून एकदा दवाखान्यात जायचं. डॉक्टर पात्याने मेलेलं मांस खरवडून काढायच्या. इलारियोला काही कळायचं नाही, तो छताकडे बघत त्यांना भट्टीत कुठलं लाकूड चांगलं ते सांगत बसायचा. काही आठवडे जखमेवर एक नळी लावली होती. छोटं मशीन पिशवीसारखं खांद्याला अडकवलेलं, ते आतलं पाणी ओढून घ्यायचं आणि मधूनच घोरायचं. दंडात सुई ठेवून घरीच औषध चढवलं जायचं. उन्हाळा गेला, कांद्याचे ट्रक गेले, शाळा सुरू झाल्या. जखम तसूतसूने भरत होती. आधी खड्डा उथळ झाला, मग लालसर दाणेदार मांस वर आलं, मग कडेने कोवळी कातडी सरकू लागली. मी ते रोज पाहत होतो. एखादं लहान मूल चालायला शिकावं तसं मला वाटायचं, आणि मी कुणाला काही सांगू शकत नव्हतो.

घरात आणखी एक मोठी गोष्ट चालली होती. इलारियोची मुलगी मारिबेल हिची लेक दायानारा पंधरा वर्षांची होणार होती. मुलगी पंधराची झाली की त्या लोकांत लग्नासारखा थाट असतो. मोठा घेरदार झगा, चर्चमध्ये प्रार्थना, हॉल, बँड, आणि सगळ्यांसमोर दोन गोष्टी बापाने करायच्या. मुलीच्या पायांतल्या सपाट चपला काढून पहिल्यांदा उंच टाचांचे बूट घालायचे आणि तिच्याबरोबर पहिला वाल्ट्झ नाचायचा. दायानाराचा बाप उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला होता. येतो येतो म्हणत होता. शेवटी फोन आला की रजा मिळत नाही. मारिबेलने फोन ठेवला आणि भांडी घासत राहिली.

"मी आहे ना," इलारियो म्हणाला.

दायानारा त्याच्यापाशी येऊन बसली. आजोबांना ती वेलो म्हणायची. "वेलो, तुझ्या पायाचं काय?"

"माझ्या पायाला गाढव आहे. गाढव नाचेल."

मग त्या पोरीने जे केलं ते मी विसरणार नाही. तिच्या झग्याच्या जांभळ्या साटिनचा उरलेला तुकडा तिने मागून आणला, मला मांडीवर घेतलं आणि सगळीकडून तो चिकटवला. पट्ट्यांवर चमकते खडे लावले. मला आरशासमोर ठेवून ती म्हणाली, "आता बघ. किती छान दिसतोय." हेच ते कौतुक, मित्रांनो. मी एका सोहळ्याला चाललो होतो.

सोहळ्याच्या आठवड्यातच दवाखान्याची फेरी होती. डॉक्टर बारेरांनी माझ्या साटिनकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. पट्टी सोडली, पाय उजेडात धरला, बोटाने दाबून पाहिला.

"जखम मिटली," त्या म्हणाल्या.

चेलोने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर पुढे बोलत होत्या. "पण नीट ऐका. वरून कातडी आली आहे. खाली अजून सगळं कच्चं आहे. ओल्या सिमेंटवर पाय ठेवला तर काय होईल? तसंच. बूट अजून काढायचा नाही. मी सांगीन तेव्हाच. कळलं का, मिस्टर कान्तू?"

"कळलं, कळलं."

पण चेलोला पहिले दोन शब्दच ऐकू आले होते. दवाखान्याच्या वाहनतळावर उभी राहून तिने बहिणीला, मुलीला, चर्चमधल्या बायकांना, सगळ्यांना फोन केले. प्रत्येकीला एकच सांगितलं, "मिटली! मिटली गं!" त्या दिवशी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढचं वाक्य कुणी कुणाला सांगितलंच नाही.

हॉलमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे झालं. इलारियो माझ्यासकट एका गुडघ्यावर बसला, नातीच्या चपला काढल्या, उंच टाचांचे बूट घातले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढणारा मात्र म्हणाला, "काका, तो पाय जरा खुर्चीमागे घ्या हं." इलारियोने मला खुर्चीमागे घेतलं. बँडवाले वाद्यं लावत होते. तेवढ्यात लासारो आला.

लासारो म्हणजे इलारियोचा कोम्पाद्रे. मारिबेलच्या बारशात तिचा धर्मपिता झालेला, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचा. ट्रक चालवायचा, पोट सुटलेलं, डोक्यावर कायम पांढरी टोपी. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे कोम्पाद्रे! अर्धा माणूस आणि अर्धी लग्नाची गाडी झालास की रे तू!"

आजूबाजूचे सगळे हसले. इलारियोही हसला.

"पोरगी स्वर्गातून उतरल्यासारखी दिसतेय," लासारो म्हणाला, "आणि नाचणार कुणाबरोबर, तर जांभळ्या बादलीबरोबर. जखम मिटली ना तुझी? चेलो कोमाद्रेने माझ्या बायकोला फोन करून कान किटेपर्यंत सांगितलंय."

"मिटली."

"मग?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो तसाच बोलायचा, आणि इलारियोही त्याला आयुष्यभर तसाच बोलत आला होता. इलारियो उठला आणि डुलत डुलत बाहेर आपल्या गाडीकडे गेला. सीटच्या मागे एका पिशवीत त्याचे तपकिरी चामड्याचे बूट होते, पॉलिश केलेले. ते पाहून मला कळलं की घरून निघतानाच त्याने ठरवलं होतं. त्याने माझे पट्टे सोडले, मला सीटवर ठेवलं आणि क्षणभर माझ्यावर हात ठेवला.

"एकच गाणं," तो मला म्हणाला.

हॉलचे दरवाजे उघडेच होते. मला गाडीतून आतला उजेड दिसत होता. वाल्ट्झ सुरू झाला आणि तो नातीला घेऊन मधोमध आला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तो सुंदर नाचत होता. ताठ, सावकाश, एक हात पाठीमागे. चेलो भिंतीपाशी उभी होती. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. मला स्पष्ट दिसलं, तिने पाहिलं. तिने एक पाऊल पुढे टाकलं, मग दायानाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती जागच्या जागी थांबली. नंतर तिने डोळे पुसले. वाल्ट्झ संपला तेव्हा मारिबेलने बापाचा हात धरला, मग बँडने पोल्का सुरू केला, मग लासारोची बायको त्याला ओढून घेऊन गेली. त्याला दुखत असतं तर तो थांबला असता. त्याला काहीच दुखत नव्हतं.

घरी जाताना त्याने मला परत घातलं. पाय आत येताच मला कळलं. तळवा गरम होता, एरवीपेक्षा फार गरम, आणि खळग्यापाशी ओलसर. मी सगळ्या अंगाने ओरडत होतो म्हणा हवं तर, पण स्पंजाला आणि प्लास्टिकला आवाज कुठला?

दुसऱ्या दिवशी रविवार. पाहुणे, बार्बाकोआचं मांस, उरलेला केक, हॉल झाडायला जायचं. जखम मिटली होती, तेव्हा त्या संध्याकाळी चेलो उशी घेऊन बसली नाही. सोमवारी सकाळी तिने मला उचललं आणि तिला वास आला.

"म्हाताऱ्या, पाय दाखव."

कोवळी कातडी एका फोडाखाली पूर्ण सुटली होती. चेलोने खाली बसून नुसतं पाहिलं.

"डॉक्टरकडे चल. आत्ता."

"आज नको. डॉक्टर बोलतील, तू रडशील, पोरगी ऐकेल. परवाच तर तिचं झालं सगळं. दोन दिवस मध लाव, माझी आई लावायची."

चेलोने मध लावला. मी बघते, असा शब्द तिने दिला होता, आणि आता डॉक्टरांसमोर जायला तिलाही तोंड नव्हतं. ते दोघं एकमेकांना सांभाळून घेत होते आणि दिवस जात होता. मंगळवारी दुपारी इलारियोला हुडहुडी भरली. पांघरुणावर पांघरूण टाकलं तरी दात वाजत होते. मारिबेल कामावरून धावत आली, तिने बापाला उचलून गाडीत घातलं.

मला त्याच्या कपड्यांबरोबर एका पारदर्शक पिशवीत घालून पलंगाखाली ठेवलं होतं. तिथून मला लोकांचे पायच दिसत होते. डॉक्टर बारेरांचे पाय मी ओळखले. त्यांनी पाऊल दाबलं तेव्हा कातडीखाली कुरकुर असा आवाज झाला. आत हवा झाली होती, मांस सडत होतं. त्यांनी त्याच रात्री पाय उघडला, धुतला. परत उघडला, परत धुतला. सडणं घोट्याच्या वर गेलं होतं.

"आणखी एकदा करून बघा डॉक्टर," इलारियो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "मागच्या वेळी वाचवला होतात तुम्ही."

"मिस्टर कान्तू, आता मी पाय वाचवत बसले तर तुम्ही राहणार नाही."

"मी म्हटलं होतं तुम्हाला," चेलो म्हणाली. "मी बघते म्हणून. मी म्हटलं होतं."

"मी प्लास्टरच घालायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि गेल्या.

गुडघ्याखाली पाय काढला. दायानारा भेटायला आली ती दारातूनच रडत. "मला नको होता सोहळा. मी म्हटलंच नव्हतं कुणाला करा म्हणून. वेलो, माझ्यामुळे झालं."

"गप बस," इलारियो म्हणाला. "इकडे ये. मला परत विचारलंस ना, तर मी परत नाचेन."

तो तिला बरं वाटावं म्हणूनच म्हणाला असेल. पण मित्रांनो, पिशवीतून ते ऐकताना मला फार वाईट वाटलं. इतके महिने मी त्याचा भार वाहिला होता. आणि तो खरंच परत नाचला असता, हेही मला ठाऊक होतं.

घरी आल्यावर मला कपाटाच्या तळाशी टाकलं गेलं. साटिन सुटून लोंबायला लागलं, ते चेलोने ओढून काढलं. इलारियो चाकांच्या खुर्चीवर ओसरीत बसून राहायचा. कृत्रिम पाय बसवायचा होता, पण कापलेली जागा नीट भरेना. मग मूत्रपिंडं थकली, मग छातीत पाणी व्हायला लागलं. भाचा दुसरीकडे कामाला लागला. अंगणातल्या भट्टीला गंज चढला.

चेलो मात्र वेगळीच झाली. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती बूट काढायला लावायची. टपालवाल्यालासुद्धा एकदा म्हणाली. "मोजेही," म्हणायची, "आणि तळवा वर कर." बायका कुजबुजायच्या, कान्तूंकडे कॉफी प्यायला गेलं तर आधी पाय धुऊन जावं लागतं म्हणून. तिने कुणाची पर्वा केली नाही. एका दुपारी लासारो आला, तो रोजच यायचा आणि इलारियोशेजारी न बोलता बसायचा.

"तुमचे बूट," चेलो म्हणाली.

"कोमाद्रे, माझ्या मोज्याला भोक आहे. लाज राखा माझी."

"काढा."

मोज्याला भोक होतंच. डाव्या पायाच्या करंगळीमागे तळव्यालाही होतं, नखाएवढं, काठ पांढरे पडलेलं. लासारो वाकून बघायला गेला, पोटामुळे दिसेना. चेलोने न्हाणीघरातला आरसा आणून खाली धरला. तो पाहत राहिला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"मला तर काहीच कळलं नाही," तो म्हणाला.

"कुणाला कळतं?" इलारियो म्हणाला. "म्हातारे, गाढव आण."

अशा रीतीने मी पुन्हा उजेडात आलो. लासारोचा पायही डावाच होता, त्यामुळे मी त्याला बरोबर बसलो. पण माझ्या तळाचे जे ठोकळे उपटले होते ते इलारियोच्या जखमेखालचे, अंगठ्यामागचे. लासारोची जखम त्याच पायाच्या दुसऱ्या कडेला. तिच्याखाली ठोकळे जसेच्या तसे होते. मला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम होतं. पण तिथली वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली, तोवर हा घाल असं ठरलं, आणि सगळ्यांना वाटलं की झाली सोय.

"काढू नकोस," इलारियो त्याला म्हणाला. "ऐक माझं. कुणी हसलं तरी काढू नकोस."

"हसणारा मीच होतो, कोम्पाद्रे," लासारो म्हणाला. "आता कोण हसणार?"

लासारोने माझे पट्टे आवळले आणि तो डुलत डुलत घरी गेला. त्याने मला खरोखर काढलं नाही. झोपतानासुद्धा घालून झोपायचा, बायको चादरी मळतात म्हणून चिडायची. जखम बरी होत नव्हती, पण वाढायची ती हळू वाढत होती. तेवढं तरी मी करत होतो.

डॉक्टरांची ती तारीख यायच्या आधीच, थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी इलारियो कान्तू ओसरीत खुर्चीवर बसल्या जागी गेला. चेलो आत कॉफी ओतत होती.

आज त्याला पुरायचं आहे. लासारो सकाळी काळा कोट घालून गाडीत बसला तेव्हा मी त्याच्या पायात होतो. दफनभूमीच्या फाटकापाशी त्याने गाडी थांबवली आणि सीटमागून आपले काळे बूट काढले. मारिबेल खिडकीशी आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पाद्रीनो," ती म्हणाली. धर्मपित्याला ती तसंच म्हणायची. "बूट का काढताय?"

"तुझ्या बापाची पेटी आम्ही खांद्यावर नेणार. पुढची बाजू माझी आहे. त्याला मी गाढवावरून नेऊ? गाडीपासून खड्ड्यापर्यंत तर जायचंय, पोरी. एवढीशी वाट."

मारिबेलने तोंड उघडलं. मला वाटलं, ती म्हणेल. ती नाही म्हणेल, आणि हा ऐकेल. तिने हात पुढे करून त्याचा टाय सरळ केला आणि ती आईकडे निघून गेली.

मी आता गाडीत, सीटवर आडवा पडलो आहे. काचेतून मला ते दिसत आहेत. सहा जण पेटी घेऊन खडीच्या वाटेवरून चालले आहेत, पुढे उजवीकडे लासारो. पेटी जड आहे, माणूस खात्यापित्या अंगाचा होता. लासारो ताठ चालतो आहे आणि अजिबात लंगडत नाही.

मित्रांनो, माझं म्हणणं फार थोडं आहे. तुमच्या घरात कुणाला साखरेचा आजार असेल, आजोबांना, आत्याला, कुणालाही, तर रोज त्यांचे पाय बघा. तळवा बघा, बोटांच्या बेचक्या बघा, बूट घालण्याआधी उलटा करून झटका. ते तुम्हाला हसतील, पाय आखडून घेतील, दुखत नाही म्हणतील. दुखत नाही म्हणूनच बघायचं. काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, लाजेखातर एक दिवससुद्धा घालवू नका. आणि डॉक्टर अजून नाही म्हणाले, तर ते वाक्य शेवटपर्यंत ऐका आणि घरी सगळ्यांना सांगा. माझ्यासारखा कुणी त्यांच्या पायात असेल, तर तो कितीही कुरूप दिसला तरी राहू द्या. लग्नाला, नाचाला आणि मयतालाही राहू द्या.

ते परत येत आहेत. लासारोने दार उघडलं, रुमालाने चेहरा पुसला आणि आत बसला. टोपी ठेवायला जागा हवी म्हणून त्याने मला उचलून खाली टाकलं. चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण आहे. बूट बदलायचे त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि त्याने गाडी सुरू केली.